कात्रीचे ऋण

गिरगावात फणसवाडी आहे, आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे. नावातली बागायत केव्हाच गेली. तरी एखाद्या चाळीच्या मागच्या बोळात, दादरच्या हिंदू कॉलनीतल्या जुन्या इमारतींच्या आवारात, परळ-लालबागच्या दोन चाळींमधल्या मोकळ्या पट्टीत एखादा आंबा, फणस, पेरू, सीताफळ किंवा नारळ अजून उभा असतो. दिवाळी सरली, हवेतला ओलावा कमी झाला, मार्गशीर्ष लागला की त्याच्या छाटणीचा विषय निघतो. फांदी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शिरलेली असते, पानांनी पन्हळ तुंबते, तळमजल्यावर ऊन पोहोचत नाही, फळही पूर्वीसारखे धरत नाही. मग कोणी म्हणते, छाटल्याने झाडाचेच भले होईल. आणि कोणी, बहुधा घरातले वडीलधारे माणूस, म्हणते की फळत्या झाडावर हत्यार चालवणे पाप आहे. पहिल्याचे बोलणे शास्त्रीय समजले जाते, दुसऱ्याचे भाबडे. मला मात्र वडीलधाऱ्यांचा प्रश्न अधिक खोल वाटतो आणि पहिल्या उत्तराने तो सुटत नाही असे वाटते. छाटणी ही हिंसा आहे. ती करता येते, कधी करावीच लागते. पण ती केली की माणूस त्या झाडाचा ऋणी होतो, आणि ते ऋण फेडण्याची तयारी नसेल तर त्याने कात्री उचलू नये.

हिंसा म्हणायची तर ज्याला दुखापत होते ते जिवंत असले पाहिजे, आणि नुसते वाढणारे असून भागत नाही. त्याला आपले असे काही हित असले पाहिजे. आपल्याकडे हा वाद जुना आहे, आणि त्यात पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा हत्याराचा घावच पुढे येतो. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज भृगूला विचारतो की झाडे ऐकत नाहीत, पाहत नाहीत, त्यांना पंचमहाभूतांची बनलेली कशी म्हणावे? भृगू एकेक निरीक्षण सांगत जातो: उन्हाने पान कोमेजते, मेघगर्जनेने फळ गळते, वेल आधाराकडे वळते. शेवटी तो म्हणतो की झाडाला सुखदुःख कळते आणि तोडलेले झाड पुन्हा फुटते, म्हणून त्याच्यात जीव आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला असेच शिकवतो. मोठ्या झाडाच्या मुळाशी, मध्यावर किंवा शेंड्याला घाव घातला तर ते रस गाळते आणि जगत राहते. जीव एका फांदीतून निघून गेला तर तेवढी फांदी वाळते, साऱ्या झाडातून गेला तर सारे झाड वाळते. वाळकी फांदी आणि ओली फांदी यांत माळी जो भेद करतो त्याला इथे तत्त्वज्ञानाचा आधार मिळतो. वाळकी काढताना आपण जीव घेत नाही, जीव सोडून गेलेले लाकूड उचलतो. खरा प्रश्न ओल्या फांदीचा आहे.

आजचे विज्ञान या प्रश्नाला वेगळ्या वाटेने भिडते. जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतींचा विद्युत प्रतिसाद यंत्रांनी नोंदवला. २०१८ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपाचे पान कुरतडले असता कॅल्शियमची लाट काही मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत जाते, हे प्रत्यक्ष चित्रित झाले. तरीही याला वेदना म्हणता येणार नाही. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आणि जाणीव असल्याचा पुरावा नाही. मग झाड दुखत नसेल तर हिंसा कसली, असा आक्षेप येतो. तो मला अपुरा वाटतो, आणि त्याचे कारण अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांच्या कामात सापडते. त्यांनी असंख्य झाडांची खोडे उभी चिरून आतल्या जुन्या जखमा पाहिल्या आणि १९७० च्या दशकात दाखवून दिले की आपली कातडी जशी भरून येते तसे झाडाचे होत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंती घालते, कूज त्या भिंतींच्या आत कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत जाते. वरून पाहणाऱ्याला साल गुळगुळीत दिसते, पण घाव झाड जगेल तोवर आत तसाच राहतो. म्हणजे झाडाला दुखो वा न दुखो, प्रत्येक घावानंतर त्याला आपली शक्ती फळापानांवरून काढून भिंत बांधण्याकडे वळवावी लागते, आणि चुकीच्या जागी घातलेला घाव वीस वर्षांनी खोड पोकळ करू शकतो. ज्याचे असे नुकसान करता येते त्याला हित आहेच. हिंसेला तेवढे पुरे आहे.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र मराठीच्या आतूनच येतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानदेव अहिंसेचे विवरण करतात. निरनिराळ्या मतांनी अहिंसा कशी सांगितली ते सांगताना त्यांनी दिलेला पहिलाच दृष्टांत छाटणीचा आहे: झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्यांचे कुंपण त्याच झाडाच्या बुंध्याभोवती घालायचे. पाऊस पडावा म्हणून यज्ञात पशू मारणाऱ्यांना त्यांनी हे सुनावले आहे. आयुर्वेदालाही ते सोडत नाहीत. एका जीवासाठी दुसरे जीव मुळासकट उपटायचे, कुणाची साल सोलायची, कुणाला उकळायचे आणि याला करुणा म्हणायचे, हे त्यांना पटत नाही. झाडाच्याच भल्यासाठी फांदी तोडतो असे म्हणणारा माणूस या दृष्टांतात नेमका सापडतो. पेरूची छाटणी आपण पेरू मिळावेत म्हणून करतो. गॅलरीतली फांदी आपल्याला उजेड हवा म्हणून कापतो. झाडाचे भले हे बहुतेक वेळा नंतर जोडलेले कारण असते. म्हणून ज्ञानदेवांचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो: छाटणीला अहिंसा म्हणू नये. पण ते इथे हिंसेला अहिंसेचे नाव देणाऱ्यांशी भांडत आहेत. घरसंसार करणाऱ्याने हातून होणारी हिंसा हिंसा म्हणूनच कबूल केली तर त्याने पुढे काय करावे, हा प्रश्न तिथे उरतोच.

त्याचे उत्तर परंपरेत दुसरीकडे आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा माठ. या पाच ठिकाणी रोज जीव मरतात आणि गृहस्थ ते टाळू शकत नाही. म्हणून त्याच्यावर रोजची पाच कर्तव्ये येतात, त्यांत इतर प्राण्यांना अन्न देणे आणि अतिथीला जेवू घालणेही आले. याच ग्रंथात ओली झाडे जळणासाठी तोडणे हे पातक मानले आहे आणि फळझाड तोडल्यास प्रायश्चित्तही सांगितले आहे. दादर-परळमध्ये बसून मनूचा दाखला देताना एक गोष्ट विसरता येत नाही. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, आणि ज्या ग्रंथाने झाडाच्या सुखदुःखाची दखल घेतली त्यानेच माणसांना माणूसपण नाकारले म्हणून ते जाळणे न्याय्य होते. मी त्याला प्रमाण मानत नाही. पण टाळता न येणारी हिंसा नाकारायची नाही, तिची नोंद ठेवायची आणि तिच्यासमोर एक देणे मांडायचे, हा विचार एका ग्रंथाचा किंवा एका धर्माचा नाही. बौद्ध विनयात भिक्खूला वनस्पती तोडण्याची मनाई आहे. उपासक गृहस्थाला ती नाही. जैन साधू हिरव्या गवतावर पाऊलही टाकत नाही. श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, झाडांसारख्या एकेंद्रिय जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही हे धरूनच त्याची व्रते बेतलेली आहेत. संन्याशाला जे वर्ज्य ते गृहस्थाला मर्यादेत करावे लागते, आणि मर्यादेबरोबर जबाबदारी येते. छाटणीची कात्री त्या पाच वस्तूंच्या ओळीत सहावी म्हणून ठेवावी, असे माझे म्हणणे आहे.

जैनांकडेच या मर्यादेचे एक सुंदर माप आहे. लेश्यांची, म्हणजे मनाच्या मलिन-शुद्ध छटांची, गोष्ट अनेक देरासरांत चित्ररूपात आढळते. सहा भुकेले लोक जांभळाच्या झाडाखाली येतात. एकाला फळांसाठी झाड मुळापासून पाडावेसे वाटते, दुसऱ्याला मोठी फांदी तोडावीशी वाटते, तिसऱ्याला लहान डहाळी, चौथ्याला घोस, पाचव्याला फक्त पिकलेली फळे, आणि सहावा म्हणतो की खाली पडलेली आहेत तेवढी पुरेत. भूक सहाही जणांची सारखीच आहे. मनाची मलिनता किंवा शुद्धता मोजली आहे ती गरजेपेक्षा किती जास्त नुकसान करायला मन तयार आहे त्यावरून. या मापाने पाहिले तर मुंबईतल्या पुष्कळ छाटण्या दुसऱ्या पायरीवर उभ्या दिसतात. एका फांदीची अडचण असते आणि साऱ्या झाडाचे मुंडण होते, कारण माणूस वर चढलाच आहे आणि मजुरी दिवसाची ठरली आहे.

ऋण फेडायचे तर आधी सावकाराचा स्वभाव ओळखावा लागतो, आणि इथे हिवाळ्याचा प्रश्न येतो. थंड देशांत सफरचंद, नासपती हिवाळ्यात छाटतात, कारण तेव्हा ती झाडे पान टाकून निजलेली असतात. ती रीत पुस्तकातून उचलून दादरच्या आंब्याला लावली तर अनर्थ होतो. आपला आंबा डिसेंबर-जानेवारीत मोहोरतो, आणि मोहोर येतो तो पक्व झालेल्या फांदीच्या शेंड्याला. पौषात शेंडे छाटणारा माणूस त्या वर्षीचे फळच छाटतो. पेरूचे उलटे आहे: त्याला फळ नव्या फुटीवर येते, म्हणून बेताची छाटणी त्याला मानवते. सीताफळही नव्या फुटीवर फुलते आणि हिवाळा सरता सरता पान टाकते. परसातल्या झाडांपैकी थंडीच्या छाटणीला खरोखर योग्य असे हेच. फणस खोडावर आणि जाड फांद्यांवर धरतो, तिथे घाव घालणे म्हणजे फणसाची जागाच नाहीशी करणे. नारळाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड गेले. त्याच्या हिरव्या झावळीच्या बेचक्यातून फुलोरा येतो, म्हणून नुसत्या भीतीने हिरव्या झावळ्या उतरवणे त्याच्या मुळावर येते. थंडीच्या बाजूने एक मोठे कारण मात्र आहे. पावसाळ्यात ओल्या घावावर बुरशी सहज बसते. कोरड्या हवेत घाव सुकतो. म्हणून वाळकी, किडकी, एकमेकींवर घासणारी फांदी काढायला हे दिवस चांगले. त्यातही फांदी जिथे खोडाला मिळते तिथले फुगीर कडे राखायचे, कारण झाडाची भिंत तिथूनच उभी राहते; आणि जड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट करवत चालवायची, म्हणजे ती पडताना साल ओरबाडून नेत नाही. गीतेतला स्वधर्म माणसांना उद्देशून आहे, पण झाडामागे एकेक स्वभाव आहे आणि तो न ओळखता केलेली सेवा म्हणजे हिंसाच, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

कोणी म्हणेल, रानातल्या झाडांना कोण छाटते? ती जगतात, फळतात, आपल्या फांद्या आपण टाकतात. मग परसातल्या झाडालाही त्याच्या मनाप्रमाणे का वाढू देऊ नये? हा आक्षेप मला प्रामाणिक वाटतो, पण तो परसाचे स्वरूप विसरतो. दोन चाळींमध्ये सापडलेला आंबा उजेडासाठी एकाच बाजूला झुकत जातो. मुळांना पसरायला पाणी-गटाराच्या नळांमधून वाट काढावी लागते, वर फरशी असते. रानात कोसळलेली फांदी जमिनीवर पडते; इथे खाली मुले खेळतात. २०१७ च्या जुलैत चेंबूरमध्ये नारळाचे झाड अंगावर कोसळून एका महिलेचा जीव गेला, आणि १७ मे २०२१ ला तौक्ते वादळाने एका दिवसात मुंबईभर झाडे आडवी केली. शिवाय परसातला हापूस रानातला नसतोच. तो कलम आहे, म्हणजे मुळात कुठल्या तरी जुन्या हापूसवरून कापून आणलेली फांदीच दुसऱ्याच्या मुळावर जगते आहे. कापण्यातूनच जन्मलेल्या आणि आपण निवडलेल्या कोपऱ्यात लावलेल्या झाडाला आता तुझे तू पाहा म्हणणे म्हणजे अहिंसेच्या नावाखाली जबाबदारी टाकून देणे. आपण त्याला परावलंबी केले आहे. हात काढून घेण्याचा मार्ग आता आपल्याला मोकळा नाही.

याहून गंभीर शंका ऋणाच्या कल्पनेवरच घेता येते. प्रायश्चित्ताने पाप धुतले जाते म्हटले की पाप करणे सोपे होते. ऋणाची भाषाही तशीच सोयीची होईल. हा धोका खरा आहे. वटपौर्णिमेला दादरच्या बाजारात वडाच्या तोडलेल्या डहाळ्या विकायला येतात. ज्या झाडाला फेऱ्या घालायच्या ते दिसतही नाही, त्याची फांदी घरी येते, पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात जाते. श्रद्धा खरी असेल, पण त्या वडाशी देण्याघेण्याचा काहीच संबंध उरलेला नसतो. कायद्याच्या भाषेतही हे घडते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांपुढच्या झाडांना वारसा मानले गेले आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत अशी तरतूद आली. हेतू चांगला आहे. पण साठ वर्षांच्या फणसाचे देणे शहराबाहेर कुठेतरी लावलेल्या साठ रोपांनी कसे फिटणार? ऋण ज्याचे असेल त्यालाच परत करायचे असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राला हे कळले होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या राजनीतीच्या ग्रंथात आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये असे बजावले आहे, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन तोडावे. बळजोरी करू नये. राज्याच्या गरजेपुढेही कोणाचे, कशाने, कोणाच्या संमतीने हे प्रश्न तिथे उभे राहतात. आवारातल्या छाटणीची परतफेडही अशीच नेमकी हवी: त्याच झाडाच्या बुंध्याभोवतीची फरशी उखडून माती मोकळी करणे, चैत्र-वैशाखात त्यालाच पाणी घालणे, त्याचाच पाचोळा त्याच्या मुळाशी कुजू देणे. मंत्र म्हणून किंवा दुसरीकडे रोप लावून ती होत नाही.

छाटणीचा दृष्टांत माणसावर लावायचा मोह धर्मांना नेहमी होतो. खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती घरांत वाचल्या जाणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानात देव द्राक्षमळ्याचा माळी आहे. फळ देणारी फांदी तो अधिक फळ यावे म्हणून छाटतो. श्रद्धावानाला त्यातून धीर मिळतो, हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्याचे दुःख पाहून देव तुला छाटतो आहे असे सांगणे मला क्रूर वाटते, आणि त्याचे कारण झाडाच्या रचनेतच आहे. झाड सारख्या घटकांच्या पुनरावृत्तीने बनलेले असते. एक डोळा गेला तर दुसरा फुटतो. माणसाचे गेलेले मूल, गेलेला हात तसा फुटत नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाच्या सभेत हाच भेद प्रश्न म्हणून टाकतो: तोडलेले झाड मुळातून पुन्हा उगवते, मग मृत्यूने तोडलेला माणूस कोणत्या मुळातून उगवतो? सभेतले विद्वान गप्प राहतात. ज्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही त्याचे उत्तर आपण सांत्वनाच्या घाईत देऊ नये. आणि उलट दिशेनेही तेच खरे आहे: झाड पुन्हा फुटते म्हणून त्याला कितीही कापावे, हा निष्कर्ष निघत नाही. शेंडे छाटल्यावर फुटणारी सोटांची गर्दी ही समृद्धी नसते. अन्न तयार करणारी पाने गेली म्हणून झाड साठा खर्चून घाईने पाने काढत असते.

ऋण नेहमी त्या एका झाडाचेच असते असेही नाही. आंब्यावर बांडगूळ चढते. फुलटोच्या त्याची फळे खातो, चिकट बी फांदीवर पुसतो आणि ते बी फांदीत मूळ घालते. आंबा वाचवायचा तर बांडगुळाच्या खाली फांदी कापावी लागते. पण बांडगूळही जीवच आहे. हळदीकुंकू नावाच्या पिवळ्या-तांबड्या फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात. आपण आंब्याची बाजू घेतो, कारण आंबा आपला आहे. हा पक्षपात मी समर्थनीय मानतो, पण तो पक्षपात आहे हे म्हटले पाहिजे. हिवाळ्यात उंच झाडांवर घारीची घरटी असतात, आणि पावसाळ्यापूर्वी सगळीकडे छाटण्या उरकल्या जातात त्या एप्रिल-मे महिन्यांत कावळ्याची पिल्ले घरट्यात असतात. फांदीचा हिशेब मांडताना हे भाडेकरूही त्यात येतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडण्यापूर्वी त्यावर राहणाऱ्यांना दुसरीकडे जाण्याची विनंती करण्याचा विधी आहे. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये ही आपल्या घरांतली रीत त्याच जातीची. आज विनंतीऐवजी वर चढून पाहणे एवढे केले तरी चालेल.

खासगी आवारातली फांदी छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते, आणि ती घेतली जावी. पण परवानगीच्या कागदावर काय छाटायचे ते असते; छाटल्यानंतर झाडाजवळ कोण राहणार हे नसते. छाटणारा मजूर संध्याकाळी निघून जातो, ठराव करणारी कमिटी बदलते, आणि घावाभोवती भिंत बांधण्याचे काम झाड एकटे करत बसते. म्हणून सोसायटीच्या ज्या बैठकीत छाटणीचा ठराव होतो त्याच ठरावात एक नाव यावे: पुढचे दोन पावसाळे त्या घावांकडे कोण पाहील, उन्हाळ्यात पाणी कोण घालील, कूज दिसली तर माहितगार माणसाला कोण बोलावील. नाव द्यायला कोणी पुढे आले नाही, तर त्या वर्षी वाळक्या फांद्या काढाव्यात आणि ओल्या फांदीला हात लावू नये.